चौकटीत उभं राहून घेतलेलं नाव

“नाही म्हणायच्यासुद्धा पायऱ्या असतात,” पेडगावकर सर म्हणाले आणि फळ्यावर एकाखाली एक तीन शब्द लिहिले. रिफ्यूज, रिजेक्ट, रिप्युडिएट.

बारावी आर्ट्सचा वर्ग. दुपारचा तास, पोटात डब्यातली भाकरी, निम्मी पोरं पेंगलेली. सरांचं इंग्रजी चांगलं होतं, पण त्यांनी वकिलीची परीक्षा अर्धवट सोडली होती आणि ती त्यांना सुटत नव्हती. साधं क्रियापद शिकवायचं झालं तरी उदाहरण कोर्टातूनच यायचं. पोरं त्यांना मागून ‘मिलॉर्ड’ म्हणायची.

“पाहुण्याकडं गेलात, चहा विचारला, नको म्हणालात. ते रिफ्यूज. दुकानात दहा साड्या उलगडून पाहिल्या आणि एकीला नाक मुरडलं. ते रिजेक्ट. आता हा तिसरा. हा चहाला वापरायचा नाही, साडीलाही नाही. वापरलात तर इंग्रज हसेल.”

“इंग्रज गेले की सर,” मागून कुणीतरी म्हणालं.

“गेले, पण शब्द इथंच ठेवून गेले. तिसऱ्याचा अर्थ नीट ऐका. जे आधीच तुमच्या नावावर लागलेलं आहे, तुम्हाला विचारून असो की न विचारता, ते ‘माझं नाही, मी हे मानत नाही’ असं ठणकावून सांगायचं. नुसतं नको म्हणून भागत नाही. नको आपण समोर आलेल्या वस्तूला म्हणतो. हे गळ्यात पडलेल्या वस्तूला म्हणायचं असतं.”

मग त्यांनी उदाहरणाचं वाक्य लिहिलं आणि खाली मराठी सांगितलं. एका मुलीचं लग्न ती पंधरा वर्षांची होण्याआधी लावून दिलेलं होतं. पंधरा झाल्यावर आणि अठरा पूर्ण व्हायच्या आत तिनं ते लग्न रिप्युडिएट केलं.

पोरं हसली. मी हसले नाही. माझी पेंग कुठल्या कुठे गेली होती.

“सर, असं करता येतं?”

“व्याकरणाप्रमाणे? अगदी बरोबर आहे. कर्ता, क्रियापद, कर्म.”

“व्याकरणाचं नाही विचारत सर. खरंच करता येतं का?”

सरांनी खडू खाली ठेवला. वर्गात माझा आवाज जरा मोठाच निघाला असावा. तो माझा जन्माचा दोष आहे. आज एस.टी.त कंडक्टर आहे, तिथं तो उपयोगी पडतो. सर म्हणाले, “येतं. कायद्यातलंच वाक्य आहे ते.” आणि तेवढ्यात तास संपला.

माझं लग्न चौथीत असताना झालं होतं. खरं म्हणजे लग्न काकाचं होतं. मांडव घातलेला, आचारी आलेला, पाहुणे जमलेले, तर एवढ्यात लहानग्यांचंही उरकून घ्या, असं कुणाच्या तरी मनात आलं. आमच्यात ती पद्धतच होती, एका मांडवात दोन-तीन कार्यं. मला सकाळी सांगितलं, दुपारी मुंडावळ्या बांधल्या. नवरा सातवीत, नाव केरबा. अक्षता पडताना त्याला शिंका येत होत्या, एवढंच मला त्याच्याबद्दल आठवत होतं. त्यानंतर मी माहेरीच राहिले, शिकले, तालुक्याच्या वसतिगृहात गेले. आणि त्या वर्षीच्या दिवाळीत आबांनी, म्हणजे वडिलांनी, सांगितलं होतं, “बारावीची परीक्षा झाली की आखाजीला न्यायला येणार हायेत.” आखाजी म्हणजे अक्षय तृतीया.

वर्ग सुटल्यावर मी व्हरांड्यात सरांना गाठलं.

“सर, ती उदाहरणातली मुलगी. तिनं नेमकं काय केलं?”

“कुठली मुलगी? अगं, ते उदाहरण आहे.” मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “द्वारका, तुझं लग्न झालंय?”

“चौथीत.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सर भित्रे होते, हे सगळ्या कॉलेजाला माहीत होतं. संस्थेचे अध्यक्ष आले की ते मागच्या जिन्यानं सटकायचे. पण त्या दिवशी पळाले नाहीत.

“घटस्फोट कोर्ट देतं. ते नंतर. पण कोर्ट एक विचारतं. अठरा पूर्ण व्हायच्या आत तू स्वतः हे लग्न नाकारलं होतंस का? कागदावरच पाहिजे असं नाही. तोंडानं सांगितलं तरी चालतं. पण स्पष्ट पाहिजे, आणि ऐकणारी माणसं पाहिजेत.”

“किती मोठ्यानं सांगायचं?”

“ऐकणाऱ्याला नंतर ‘मी ऐकलं नाही’ म्हणता येऊ नये, इतक्या.”

शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म एक जूनचा. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा एक जूनचाच होता, गुरुजींना तीच तारीख सोपी वाटायची. पण कायद्याला ती पुरते. आखाजी मे महिन्यात होती. म्हणजे मला न्यायला माणसं यायची ती मी अठराची व्हायच्या जरासं आधी. मी ठरवून टाकलं, की त्याच दिवशी, दोन्हीकडच्या माणसांसमोर सांगायचं. त्याहून जास्त साक्षीदार मला कुठून मिळणार होते?

आधी मायला सांगून पाहिलं. ती चुलीपुढे बसून मिरच्या भाजत होती.

“माय, मी नांदायला जाणार न्हाई.”

“समद्याच म्हंतात तसं,” माय म्हणाली. “मीबी म्हनले व्हते.”

“मी खरंच सांगायलेय.”

“बरं माय. जा, पानी आन.”

तेव्हा मला तिचा राग आला. ती काय बोलून गेली, ते त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

आखाजीच्या दिवशी सकाळी जीप आली. सासरे, चार-पाच पुरुष, तितक्याच बायका, केरबा आणि त्याची आई सोजरबाई. सोजरबाई म्हणजे उंच, हाडापेराची बाई, दात मिश्रीनं काळे, बोलणं तोफेचं. उतरल्या उतरल्या त्यांनी माझा हात धरून उलटासुलटा केला.

“भाकरी थापायचा हात न्हाई ह्यो. पेन धरायचा हाय. असूद्या, लावू वळण.”

केरबा अंगणात बाजेवर बसला होता. पांढरा सदरा, केसांना तेल. ट्रॅक्टर चालवायचा. मला पाहून त्यानं मान खाली घातली. तो वाईट नव्हता, मला तेव्हाही तसं वाटलं नाही. पण वाईट नाही एवढ्यावर एखाद्याशी जन्म काढायचा असतो का?

जेवणं झाली. मला हिरवी साडी नेसवली. सोजरबाईंनी खण, नारळ, तांदूळ घेऊन माझी ओटी भरायची, आणि मग मी निघायचं, असा क्रम. त्या पुढे आल्या, तशी मी दाराची चौकट धरली आणि म्हणाले, “मी जात नाही.”

सगळ्या बायकांचे चेहरे एकदम खुलले.

आता हे सांगायला हवं. आमच्यात पाठवणीला मुलीनं चौकट धरून ‘मी जात नाही’ असं म्हणायचंच असतं. तसं म्हणाली नाही तर लोक म्हणतात, पोरीला सासरची घाई झालीय, लाज नाही. मुलगी जितकी हटून बसते, तितकी तिच्या आईच्या वळणाची वाहवा होते. मग बायका गाण्यातून तिची समजूत घालतात, एकेक बोट सोडवतात आणि तिला गाडीत बसवतात. हे सगळं मी लहानपणापासून पाहत आले होते. आणि तरी, ठरवताना, सरांचा कायदा डोक्यात घोळवताना, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी माझा नकार नेमका अशा जागी आणून ठेवला होता, जिथं तो शिष्टाचार म्हणून खपत होता.

“मी जात नाही!” मी ओरडले.

“बघा, कशी म्हन्ती!” धुरपताआत्या, म्हणजे आबांची बहीण, कौतुकानं म्हणाली. “शिकली तरी रीत इसरली न्हाई.” आणि तिनं गाणं धरलं.

“आत्या, मी खरंच जाणार नाही. मला हे लग्न मान्य नाही.”

गाणं आणखी वर चढलं. कुणीतरी टाळ्या धरल्या. आत्या माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, “समदं चांगलं चाललंय. पन रड की जरा. डोळं कोरडं हायेत, लोक काय म्हंतील?”

मी आबांकडं पाहिलं. ते अंगणात सासऱ्यांना पान देत होते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. लेक रीतसर नाही म्हणत होती. मी जितकं ओरडेन तितकी त्यांची मान वर होणार होती. खरं सांगते, त्या क्षणाइतकी मी पुढे आयुष्यात कधी घाबरले नाही. एखादीचं तोंड दाबलं तर ती निदान चावू तरी शकते. इथं तोंड मोकळं होतं आणि त्यातून निघणारं सगळं गाण्यात जात होतं.

काकूनं माझं करंगळीपासून एकेक बोट सोडवायला सुरुवात केली. सोजरबाई ताट घेऊन समोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं. आता उचलून नेतील, आणि एक जून कुठल्यातरी परक्या चुलीपुढे उजाडेल.

तेवढ्यात आत्यानं दोन्ही हात पसरून दार अडवलं. “नाव घेतल्याबिगर जाऊ द्यायची न्हाई!”

नवऱ्याचं नाव. एरवी बाईनं उच्चारायचं नाही, आणि अशा वेळी उखाण्यात गुंफून घ्यायचं. बायका “घे, घे” करू लागल्या. पुरुष पान चघळत दाराकडं सरकले. आत्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“उगी ऱ्हावा गं. ऐकू द्या.”

आणि सगळे गप्प झाले. अगदी शेजारच्या गोठ्यातली घंटा ऐकू येईल इतके. तेव्हा मला समजलं, की त्या सबंध दिवसात मुलगी काय बोलते हे माणसं कान देऊन ऐकतात अशी जागा एकच आहे, आणि ती ही आहे.

मी चौकट सोडली. पदर खांद्यावरून नीट घेतला. बाजेवर बसलेल्या नवऱ्याकडं सरळ पाहिलं.

“केरबा.”

पुढं यमक येईल म्हणून सगळे थांबले. आलं नाही.

“केरबा, तुझं माझं लग्न मी मानत नाही. मी चौथीत होते, मला कुणी विचारलं नाही. आज मी अठराची झालेली नाही आणि सगळ्यांसमोर सांगते. मी तुझी बायको नाही. आज नाही, काल नव्हते, उद्या होणार नाही. ओटी मी घेणार नाही.”

नवऱ्याला नाव घेऊन अरेतुरे करणारी बाई त्या अंगणात कुणी पाहिलेली नव्हती. ती रीत नव्हती, ते नाटक नव्हतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. केरबाचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्याला शिंक आली नाही, एवढं नशीब.

आबा धावत आले आणि त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. डोळ्यांपुढं काजवे चमकले.

“माघारी घे शब्द!”

“मी त्याची बायको नाही,” मी म्हणाले. पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

दुसरी बसली. मी तिसऱ्यांदा म्हणाले. पुढची बसायच्या आत माय मध्ये आली. नुसती माझ्या आणि आबांच्या मध्ये येऊन उभी राहिली. आबांचा हात तसाच वर राहिला.

सासऱ्यांचा आवाज चढला. बैठक बसवू, वाळीत टाकू, नाक कापू, सगळं झालं. त्या गदारोळात सोजरबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. ताट हातात तसंच धरून त्या माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, आता ही बाई ताट माझ्या तोंडावर मारणार. मी हनुवटी वर केली. म्हटलं, मार. त्यांनी ताटातला नारळ उचलला, पदराखाली घेतला आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

जीप मला न घेताच परत गेली. आबा माझ्याशी बोलेनासे झाले. मी तालुक्याला वसतिगृहात परतले. पेडगावकर सरांनी एक वकीलबाई शोधून दिल्या आणि घटस्फोटाचा अर्ज लागला. समोरून जे उत्तर आलं, ते वाचून मी संतापले. त्यांचं म्हणणं, मुलीनं अठरा व्हायच्या आत असं काहीच नाकारलेलं नाही. पाठवणीला सगळ्या मुली रडून ‘जात नाही’ म्हणतात तेवढंच तिनं म्हटलं. पुढं माहेरच्यांनी मुहूर्त नाही म्हणून थांबवून घेतलं. लग्न मोडायची कल्पना नंतर कॉलेजात कुणीतरी डोक्यात भरवली.

“साक्षीदार आणा,” वकीलबाई म्हणाल्या. “अंगणात एवढी माणसं होती.”

होती. मी एकेकाच्या दारात गेले. काकू म्हणाली, आठवत नाही. शेजारचे म्हणाले, आम्हाला गावात राहायचंय. धुरपताआत्यानं तर हद्द केली.

“मी गात व्हते गं. मला कुठून ऐकू येनार?”

“तूच सगळ्यांना गप्प केलं होतंस आत्या!”

“तर मग मी गप करन्यात गुतले व्हते.”

माय यायला तयार होती. पण आबांनी शपथ घातली, आणि मायला त्याच घरात राहायचं होतं. मी तिला म्हटलं, “राहू दे. माझं मी सांगते.” आणि मी सांगितलं. कोर्टात उभी राहून सगळं सांगितलं. सासरच्या वकिलांनी विचारलं, “तुमच्याशिवाय हे कुणी ऐकलं?” मी म्हणाले, “सगळ्यांनी.” ते म्हणाले, “त्यातला एक दाखवा.” आणि मला एकही दाखवता आला नाही. वकीलबाई कागद आवरताना माझ्याकडं पाहत नव्हत्या, त्यावरून मी काय ते ओळखलं. पण मी मनाशी पक्कं केलं होतं. कोर्ट काहीही म्हणू दे, मी जाणार नव्हते. पोलिसांनी आणून सोडलं तरी रात्रीत पायी परत आले असते.

पुढच्या तारखेला त्यांच्या बाजूचे साक्षीदार होते. केरबा आला, दोन वाक्यं बोलला आणि घाम पुसत उतरला. त्याच्यामागून सोजरबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर घेतलेला. मी दात आवळून बसले होते.

त्यांच्या वकिलांचा सूर गोड होता. “मावशी, तुमच्यात पाठवणीला मुली ‘मी जात नाही’ म्हणतात. बरोबर?”

“बराबर.”

“सगळ्याच म्हणतात?”

“समद्याच.”

वकील न्यायाधीशांकडं पाहून हसले. काम झालं होतं, तिथं थांबले असते तर बरं. पण त्यांना आणखी एक टाळी हवी होती.

“तुम्हीही म्हणाला असाल की?”

“म्हनले व्हते.”

“आणि तरी गेलात. नांदलात. लेकरंबाळं झाली. खरं ना?”

“खरंय.”

“बस. उतरा मावशी.”

सोजरबाई उतरल्या नाहीत.

“बस कसं? मी खरंच म्हनले व्हते.”

“मावशी, झालं तुमचं.”

“न्हाई झालं. मी बारा-तेरा वर्साची व्हते. चौकट धरली ती सोडली न्हाई, नखं उपसली माझी. जात न्हाई, जात न्हाई म्हनून नरडं बसलं. आन् बाया गात व्हत्या. माझी मायबी गात व्हती.” त्यांचा आवाज कापला नाही, चढला. “माझ्या सासूलाबी म्या नंतर इचारलं. तीबी म्हनली, मी खरंच म्हनले व्हते.”

वकील काहीतरी बोलू पाहत होते, न्यायाधीशांनी त्यांना हातानं थांबवलं.

“बाई, या मुलीबद्दल विचारलंय. ती त्या दिवशी काय म्हणाली?”

सोजरबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. मग पदर मागं सारला आणि माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, माझ्या तोंडच्या मराठीत, पोटच्या पोराच्या नावासकट, तो समोर बसलेला असताना. चौथीत होते, मला कुणी विचारलं नाही. अठराची झालेली नाही आणि सगळ्यांसमोर सांगते. आज नाही, काल नव्हते, उद्या होणार नाही.

“तुम्हाला एवढं कसं लक्षात राहिलं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मी म्होरंच उभी व्हते, सायब,” सोजरबाई म्हणाल्या. “आमचं कुनीच ऐकलं न्हाई. हिचं म्या ऐकलं. तेवढं लिवा.”